बाकड्यावरचा माणूस

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझे वडील भगवानराव हयातीचा दाखला द्यायला तुमच्या ऑफिसात गेले, ते परत आले नाहीत. ते आलेच नव्हते, असं तुम्ही सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंत. त्याला आठ वर्षं झाली.

मी घरी प्लायवूडच्या खोक्यात गेमचं मशीन बनवतोय. त्यासाठी नवा चपटा स्क्रीन आणला होता. पण जुने गेम जाड काचेवरच शोभतात, असं टीव्ही दुरुस्त करणारा मोईज म्हणाला, म्हणून तुमच्या भंगाराच्या लिलावातून जुना मॉनिटरही घेतला.

निवडायला दोन्ही शेजारी ठेवले. तुमचा मॉनिटर बंद होता, तरी काचेवर डाग दिसत होता. एक बंद दार, बाहेर बाकडं, त्यावर बसलेला माणूस.

"क्यामेऱ्याचं चित्र हाय," मोईज म्हणाला. "सालोसाल तेच चालू राह्यलं, का काचेत जळून बसते. पन माणूस काऊन उमटला बे? हा का सालोसाल हाललाच नाही?"

आई चहा घेऊन आली आणि थबकली. "हे तुह्ये बाबा हायेत. मांडीवरची थैली म्या शिवेल हाय."

तिनं तो मॉनिटर मशीनमध्ये बसवू दिला नाही. रोज सकाळी ती काच पुसते.

आज बाकड्यावर नुसती थैली आहे. दार उघडं आहे.

त्यांना आत कोणी बोलावलं? लेखी उत्तर द्या.