सहावं मत

चौऱ्याहत्तर साली बाबांना खापरखेड्याच्या पॉवरहाउसमध्ये बोनस मिळाला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच गाणं येणार असं ठरलं. पण रेडिओ घ्यावा की रेकॉर्ड प्लेअर, यावरून चार दिवस नुसता कल्ला.

"काहून भांडून राहिले?" आजोबा म्हणाले. "मत द्या. मताचा हक्क फुकट नाही भेटला आपल्याले."

रेडिओला तुरीचा दाणा, प्लेअरला हरभऱ्याचा. माणसं पाच: आजोबा, आई, बाबा, माझी बहीण शीला आणि मी. प्रत्येकानं मूठ झाकून पितळी लोट्यात दाणा टाकला.

आजोबांनी लोटा उपडा केला. तीन तुरी, तीन हरभरे.

"कोनं दोन टाकले वं?" आई हसली.

पुन्हा मत घेतलं. या वेळी प्रत्येकानं आपला एकच दाणा सगळ्यांना दाखवून टाकला.

पुन्हा तीन-तीन. शीला तर हसून हसून लोळायला लागली.

"मंग सहाव्यानंच ठरवावं," आजोबा खुशीत म्हणाले. त्यांनी रिकामा लोटा मधोमध ठेवला. आम्ही पाचही जण हात मांडीवर ठेवून बसलो.

टण्णकन एक दाणा पडला.

आम्ही टाळ्या पिटल्या आणि बघायला वाकलो.

तेवढ्यात दुसरा पडला.