चारशे वर्षांपूर्वीचा गुन्हा

इंग्लंडात नोकरीला असलेल्या प्रसेनजितनं पाठवलेला व्हिडिओ पंचफुलाबाईंनी शेलूबाजारात ओसरीवर बसून तीनदा पाहिला. आभाळभर फटाके, खाली भला मोठा जाळ, आणि जाळात माणसाचा पुतळा. दुपारी न राहवून त्यांनी लेकाला फोन लावला.

"कोन होता रे तो? काहून जाळून राह्यले त्याले?"

"त्यानं राजाले दारूगोळ्यानं उडवाचा कट केला होता, माय. चारशे वर्सं झाले. तवापासून दर पाच नोव्हेंबरले जाळतेत."

"अजून इतका राग?"

"राग कायचा? आता लोक लेकरं घेऊन येतेत, फटाके पाह्यतेत, खातेत-पितेत. पुतळा त लेकरायनंच जुने कपडे भरून बनवला. त्या मानसानं काय केलतं, हे अर्ध्या लोकायले ठाऊकबी नाही."

पंचफुलाबाईंची नजर अंगणातल्या कडुनिंबाखाली गेली. सात वर्षांपूर्वी थोरल्या लेकीनं, रूपानं, आपल्या मर्जीनं लग्न केलं. त्या दिवशी तिचे सगळे कपडे, कॉलेजच्या वह्यासुद्धा, त्यांनी तिथंच पेटवून दिले होते आणि 'मले पोरगीच नाही' असं अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. फोनमधला तिचा नंबरही आपल्या हातानं पुसला होता.

मग त्या हळूच म्हणाल्या, "रूपाचा नंबर देशीन का मले?"

 

"जुनाच हाये, माय. तू लावशीन म्हनून तिनं बदललाच नाही."