मठ्ठ्याचा रिपोर्ट

लालासाहेबांच्या नातवाच्या जावळाचं जेवण बनुबाईंनी रांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवून गेलेल्या साठ-सत्तर जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. वीस वर्षं गावाची लग्नं-बारशी उरकणाऱ्या बनुबाईंवर सगळं खापर फुटलं आणि हातातल्या तिन्ही लग्नांच्या ऑर्डरी गेल्या. खरं तर जेवणानंतर मठ्ठा त्याही प्यायल्या होत्या. दवाखान्यात त्यांनाही सलाईन लावलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

उरलेल्या जेवणाचे आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे नमुने सांगलीला, विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत गेले. तिथं काम करणारी क्रांती याच गावची. तिनं ते नव्या मशीनवर लावले आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात येताच बनुबाईंना फोन केला.

"मावशी, तुमच्या सैपाकात काय बी न्हाई सापडलं. मठ्ठ्यात घालायला लालासाहेबांनी बाहेरनं बर्फ आणला हुता न्हवं, त्यात जंतू निघालं."

"खरं सांगतीस?"

"मशीन सांगतंय, मावशी. पूर्वी हे कळायला पाच दिवस लागायचं. आता सहा तासांत कळतंय."

सुई टोचलेला हात सांभाळत बनुबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.



"गावाला तर अर्ध्या तासातच कळलं हुतं गं."