धाकटीचं वर्ष

ते वर्ष धाकटीचंच होतं. शाळेत भूगोल शिकवता शिकवता तिनं हौशींची गोल्फ स्पर्धा जिंकली, मग थेट व्यावसायिकांच्या मैदानात उतरली आणि शेवटच्या होलला सख्ख्या ताईच्याही एक फटका पुढे होती. खेळ हाच पेशा असलेल्या ताईच्या हाती करंडक एकदाही लागला नव्हता. लोक धाकटीसाठी टाळ्या पिटत होते आणि ताईचा आतल्या आत जळफळाट होत होता. तेवढ्यात लहानपणीच्या सवयीनं धाकटीनं हळूच विचारलं, “ताई, कुठली स्टिक घेऊ गं?” स्पर्धेत एकमेकींना सल्ला विचारला तर दोन फटक्यांचा दंड बसतो. प्रश्न ऐकला होता फक्त ताईनं. तिनं हात वर करून पंचांना बोलावलं. करंडक ताईचा झाला. सगळ्यांच्या आधी धाकटीच धावत आली, “जिंकलीस गं एकदाची!” म्हणत गळ्यातच पडली. ताईला तिच्या निर्मळ आनंदाचाही हेवा वाटला.