स्थिती : उत्तम

"मैथिली, दारामागचा माझा क्लाइंबिंगचा जांभळा रोप कुठाय गं?"

सिद्धेशच्या हातात मोठी कात्री होती. रविवारचे सकाळचे सव्वानऊ वाजले होते. मैथिलीनं लॅपटॉपवरची नजर न उचलता ऐटीत सांगितलं, "विकला! आपल्या अ‍ॅपवरची पहिली विक्री. पेढे आण."

माजिवड्याच्या त्या दोन खोल्यांत गेले आठ महिने अ‍ॅपशिवाय दुसरा विषय नव्हता. ट्रेकवाल्यांनी जुन्या सॅका, तंबू, बूट एकमेकांना विकावेत, असं ते अ‍ॅप. चाचणीसाठी ओळखीतले शंभर जण घेतले होते, पण रिकाम्या दुकानात कोण फिरकणार? म्हणून मैथिलीनं घरातल्याच वस्तूंचे फोटो टाकले. माळ्यावरचा तंबू, तिचे चावणारे बूट, आणि दारामागच्या खिळ्याला तीन महिने नुसता लटकलेला दोर. ज्याला कुणी हात लावत नाही ती वस्तू नकोशीच असणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

सिद्धेश मटकन खाली बसला. "तो मी आज कापणार होतो."

"कापणार? इतका चांगला रोप?"

"मी कड्यावर पडलेलो ना, तेव्हा मला झेललेला रोप आहे तो."

"तू तर म्हणालेलास, थोडासा घसरलो."

"वीस फूट घसरलेलो. तू घाबरशील म्हणून नाही बोललो. खडकाच्या धारेवर घासलाय तो. वरून काही दिसत नाही, पण आतले धागे गेलेत. पुढच्याला झेलेलच असं सांगता येत नाही. असा रोप कापून टाकतात, चुकूनसुद्धा कुणी वापरू नये म्हणून."

"मग तीन महिने का नाही कापलास?"

सिद्धेश कात्रीकडे बघत राहिला. "वाचवलं ना त्यानं मला. जिवावर आलं."

मैथिलीनं घाईघाईनं दोराचं पान उघडलं. त्यांच्याच चादरीवर दोराचं वेटोळं छान दिसत होतं. खाली लिहिलेलं होतं, 'स्थिती : उत्तम'. हे तिनं निवडलंसुद्धा नव्हतं. तो शब्द तिथं आधीपासूनच भरलेला असायचा, तिनंच तशी सोय केली होती. त्या जागी सिद्धेशला एक प्रश्न हवा होता : 'या दोरानं कुणाला पडताना झेललं आहे का?' पण चाचणीत लोक त्या प्रश्नापाशी थबकत आणि फॉर्म अर्धाच सोडून देत. तिनं प्रश्न काढून टाकला. फॉर्म किती सुटसुटीत झाला, म्हणून त्या दिवशी तिनं स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"घेतला कुणी?"

"प्राप्ती म्हणून मुलगी आहे. कोपरला राहते. गुरुवारी स्टेशनवर नेऊन दिला मी." मैथिलीचा आवाज बारीक झाला. "रविवारी सुळक्यावर चाललेय म्हणाली."

प्राप्तीचा फोन बंद होता. पुन्हा लावला, बंद. तिसऱ्यांदाही बंद. मैथिलीला आता सरळसरळ भीती वाटत होती. त्या मुलीनं दोर हातात घेतल्या घेतल्या गालाला लावून पाहिला होता, आणि तेव्हा मैथिलीला तिचं हसू आलं होतं. तेच आता डोळ्यांपुढून हलेना.

दहाव्या वेळी रिंग गेली.

"हॅलो? ताई, काय झालं? एवढे मिस्ड कॉल?"

"प्राप्ती, तू कुठेयस?"

"घरीच. झोपलेली. संडेला फोन बंदच असतो माझा."

मैथिलीला रडूच फुटलं. सिद्धेशनं भिंतीला टेकून डोळे मिटले. "अगं, तो रोप वापरू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "अजिबात नको. आम्ही येतो घ्यायला."

"तो कुठाय माझ्याकडे? आमचा प्लॅन कॅन्सल झाला ना, मग परवाच विकला. ताई, तुमचं ते 'पुन्हा विका' बटण काय भारी आहे! फोटो, माहिती, सगळं आपोआप आलं. मला काहीच टाइप नाही करायला लागलं."

ते बटणही मैथिलीचंच होतं.

"कुणाला विकलास?"

"कल्याणचे त्र्यंबक सर आहेत, क्लाइंबिंग शिकवतात. आज मलंगगडाच्या बाजूला कॅम्प आहे त्यांचा. का हो ताई? नंबर देऊ?"

मैथिलीनं लगेच नंबर लावला. तिनं फोन स्पीकरवर टाकला. रिंग जात राहिली. सिद्धेश उठून तिच्याजवळ आला होता, कात्री अजून त्याच्या हातातच होती.

"हॅलो, मी सान्वी," एका मुलीचा आवाज आला. मागे शिट्टी वाजत होती, बरीच मुलं ओरडत होती. "बाबांना आत्ता फोनवर येता नाही येणार. काही निरोप आहे का?"

"कुठे आहेत बाबा?"

"वर. सगळ्यांना उतरून दाखवतायत."

सिद्धेश फोनवर वाकला. "सान्वी बाळा, कुठल्या रोपवर?"

मागे टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून सान्वी मोठ्यानं म्हणाली,

"नव्या! जांभळ्या!"