ह्यांचा मासा

"राहू दे गं तो फिल्टर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मासा जातोय तर जाऊ दे. घरावरचं संकट तो अंगावर घेतोय."

तिकडे हॉस्पिटलात सासऱ्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. इथे फिल्टरचा जुना पाइप तडकून हॉलभर पाणी झालं होतं आणि त्यांचा लाडका अरोवाना टाकीत वर येऊन तोंड उघडत होता. नवा पाइप फिल्टरवर चढेना. टोक कढत पाण्यात बुडवून मी पुन्हा जोर लावला. निसटलं.

"आई, पाइप जरा घट्ट धरता?"

"मी हात नाही लावायची. मासा वाचला आणि ह्यांना काही झालं तर?"

मासा कुशीवर कलला. सासूबाई बघत राहिल्या. मग पदर खोचून ओल्या फरशीवर बसल्या आणि त्यांनी पाइप दोन्ही हातांनी धरला.

"घरी आले की चपला काढायच्या आधी ह्याच्याकडे बघतात ते. काय सांगू?"

पाइप बसला. मी बटण दाबलं. मोटार घरघरली आणि फोन वाजला.

"उचलू नकोस," टाकीवरची नजर न हटवता त्या म्हणाल्या. "आधी हा सरळ होऊ दे."