जनानी दार

जनानी दारावरच्या पहारेकऱ्याने तिला पाहिलं आणि रोजच्यासारखी पाठ फिरवली. गिरिजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काय भूत आहे का रे?" ती मराठीतच ओरडली. पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभाच राहिला. जनान्यात जाणाऱ्या बाईकडे बघायचं नाही, ही त्या हवेलीची जुनी रीत. राज्यं गेली होती, देशात निवडणुका झाल्या होत्या, जनाना तर कधीच रिकामा पडला होता. रीत मात्र ठाण मांडून बसली होती.

कॉलेजने इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव घ्यायला जयपुरातल्या एका जहागीरदार ठाकूरसाहेबांच्या हवेलीतल्या ग्रंथालयात धाडलं होतं. जुने कागद झटकायचे, वाचायचे, नोंदवायचे. तिचा वर्गमित्र दिलीप पुढच्या मोठ्या दरवाजाने ऐटीत जायचा. गिरिजाने पहिल्या दिवशी तिथे पाऊल टाकलं, तर ग्रंथपाल पुरोहितजी आडवे आले. "बाईसा, तुम्ही मागच्या दाराने." तेव्हापासून ती रोज भांडत होती आणि म्हातारा रोज तेच वाक्य ऐकवत होता.

दिलीपला गंमत वाटायची. "अगं, बाहेर पडताना माझी पिशवी उलटी करतात. पोळीची गुंडाळीसुद्धा उलगडून बघतात. पुरोहितजींची तर पगडी उतरवतात. तू आपली राणीसारखी निघून जातेस. मग तक्रार कसली?"

"तक्रार ही, की मला माणसात धरत नाहीत!"

आज तिने ठरवलंच होतं. पुढचं दार उघडा, नाहीतर उद्यापासून मी येणार नाही. प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात.

तावातावाने ती जिना चढली. वर पुरोहितजींच्या खुर्चीत ठाकूरसाहेबांचा कारभार पाहणारे कामदार पाय पसरून बसले होते आणि पुरोहितजी उभे होते. टेबलावर लाल कापडात बांधलेला जुन्या कागदांचा बस्ता होता. गिरिजाने तो लगेच ओळखला. पहिल्या दिवशी पुरोहितजींनी तोच तिच्यापुढे ठेवला होता. आतले जमिनीचे पट्टे तिने एकेक करून वाचले होते. भैरूपुरा गावाची जमीन कसणाऱ्यांना कायमची दिली, असं त्यांत ठाकूरसाहेबांच्या आजोबांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. आता जहागिऱ्या सरकारजमा होत होत्या, स्वतः कसत असलेली जमीनच तेवढी जहागीरदाराकडे राहणार होती, आणि ती सगळी जमीन आपण स्वतः कसतो, असा दावा ठाकूरसाहेबांनी लावला होता. शेतकऱ्यांकडचे कागद कामदारांनी कधीच 'तपासायला' म्हणून काढून घेतले होते. उरले होते ते एवढेच. हे सगळं पुरोहितजींनीच तिला खालच्या आवाजात सांगितलं होतं.

"याला कीड लागलीय," कामदार म्हणाले. "उद्या सकाळी ठाकूरसाहेबांच्या अंघोळीचं पाणी यावरच तापवा."

"जी, हुकुम," पुरोहितजी म्हणाले.

गिरिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जी, हुकुम? अहो, अख्खं गाव देशोधडीला लागेल! कसले ग्रंथपाल तुम्ही? बायकांना दार दाखवायला तेवढे पुढे, आणि इथे शेपूट घालता? लाज वाटत नाही?"

पुरोहितजींनी मान खाली घातली. कामदार मात्र खदखदून हसले.

"पोर तिखट आहे! दारावरून रुसलीय होय? अगं, मग आधी सांगायचंस. आता लोकशाही आहे. जा, आजपासून तुला पुढचा दरवाजा मोकळा. मी खाली सांगून ठेवतो." ते उठून गेले.

एक क्षण तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला किळस आली. गावाच्या तोंडचा घास काढून घ्यायचा आणि तिच्या हातावर दरवाजाचा खडीसाखरेचा खडा ठेवायचा!

ती खिडकीशी गेली. दुपारच्या सुट्टीत बाहेर निघालेला दिलीप खाली मोठ्या दरवाजात हात वर करून उभा होता. एक पहारेकरी त्याचे खिसे चाचपत होता, दुसरा पिशवी झटकत होता. गिरिजा बघत राहिली. मग तिने वळून बस्त्याकडे पाहिलं आणि पुरोहितजींकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी हाच बस्ता. रोज तेच दार.

बस्त्याची गाठ सोडून तिने पट्टे काढले आणि आपल्या कापडी पिशवीत तळाशी घातले.

"डबा वर ठेवा, बाईसा," पुरोहितजी हलकेच म्हणाले. "लाल कापड इथेच राहू द्या. त्यात मी रद्दी बांधतो."

पिशवी खांद्याला लावून ती जिना उतरली. राग तसूभरही कमी झाला नव्हता, पण आता तो खांद्यावर होता आणि त्याला वजन होतं. चौकात कामदार उभेच होते. त्यांनी मोठ्या दरवाजाकडे हात केला.

"या, बाईसा, इकडून या! आता तरी खूश ना?"

गिरिजाने डोक्यावर पदर घेतला. जन्मात पहिल्यांदा.

"नको, कामदारजी," ती म्हणाली. "रीत ती रीत. मी आपली मागच्याच दाराने जाते."

"शाबास! खानदानी पोर!" कामदार खूश झाले.

मागच्या दारावरच्या पहारेकऱ्याने तिला येताना पाहिलं आणि रोजच्यासारखी पाठ फिरवली.